अनामिक दात्याचा जाहीर सत्कार

एका जंगलात, मुलांनो, मेलेल्यांना गप्प बसायची परवानगी नव्हती.

भुतांची गोष्ट नाही ही. घाबरू नका. त्या जंगलात एक रीत होती. वाळलेल्या भोपळ्याच्या तोंडाशी बोलायचं आणि लगेच मेणाचं बूच लावायचं. आवाज आतल्या सालीला चिकटून राहायचा. बूच काढलं की भोपळा बोलायचा, लावलं की गप्प. असं हवं तितक्या वेळा. कसं काय, ते मला विचारू नका. तुमच्या आईच्या फोनमध्ये आवाज कसा राहतो ते तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?

तर घरोघरी असे भोपळे टांगलेले असायचे. कुणाच्या आजोबांचं खोकणं. कुणाच्या आईची शिवी. जाणारा जायचा, भोपळा राहायचा.

पण उंदीर भोपळे कुरतडायचे. पुरात ते वाहून जायचे. एका पावसाळ्यात गवासाहेबांच्या आजोबांचं हंबरणं वाहून गेलं, तेव्हा मात्र काहीतरी करायला हवं असं सगळ्यांना वाटू लागलं. गवासाहेब हे जंगलाचे अध्यक्ष होते. कशाचे अध्यक्ष, हे कुणी विचारत नसे. जिथे उंच दगड दिसेल तिथले.

गवासाहेबांनी डोंगरातल्या एका कोरड्या गुहेत आवाजघर काढलं. सगळ्यांनी आपले भोपळे तिथे आणून द्यायचे. तिथे ते जपले जाणार. आणि ज्याला ऐकायचं असेल त्याने येऊन ऐकायचं.

प्राणी बिचकले. ससा म्हणाला, "माझ्या बायकोचं रडणं कोल्ह्याने येऊन ऐकायचं? त्याच्यामुळेच तर ती रडत होती."

मग गुहेच्या तोंडावर एक पाटी लागली. 'दात्याचं नाव गुप्त राहील. संग्रह सर्वांना खुला राहील.'

दोन्ही ओळी सुंदर होत्या. त्या एकमेकींच्या शेजारी होत्या, एवढीच काय ती अडचण. पण पाटी लावणाऱ्याने त्या वेगवेगळ्या दिवशी लिहिल्या होत्या.

सगळे खूश झाले. फक्त वाघाने आपली डरकाळी दिली होती, ती नाव गुप्त राहणार हे कळल्यावर परत मागून नेली.

आवाजघराचं काम साळिंदरबाईंकडे होतं. बाई अगदी टापटिपीच्या. अंगावरचा एक काटा वाकडा दिसायचा नाही. कोणता भोपळा कुठे ठेवायचा, त्याची सूची कशी करायची, हे सगळं त्या बघायच्या. आणि ती सूची जंगलाला ऐकवायचं काम साळुंकीकडे होतं. रोज सकाळी ती गुहेवरच्या सावरीवर बसून नवे भोपळे जाहीर करायची. जंगलात लिहिता-वाचता फार कुणाला येत नव्हतं, पण कान सगळ्यांनाच होते.

आता आपल्या गोष्टीतली भेकरं.

ओढ्याकाठी एक वाकडी आवळी होती. तिच्याखाली दोन भेकरं राहायची. बहीण आणि भाऊ. बहिणीचं नाव जांभळी. भावाला सगळे धाकटा म्हणायचे. फक्त जांभळी त्याला गाभुळ्या म्हणायची. गाभुळलेली चिंच तुम्ही खाल्ली असेल. कच्ची नाही, पिकलेली पण नाही. वरचं टरफल सुटलेलं, आत अजून आंबट. तसा तो होता. अंगाने वाढलेला. बाकी सगळं राहिलेलं.

धाकटा दिवसभर हुंदडायचा आणि संध्याकाळी हाक मारल्याशिवाय घरी यायचा नाही. जांभळीचा घसा बसायचा. एक दिवस ती वैतागली. तिने एक भोपळा घेतला आणि त्यात जी हाक रोज मारायची तीच मारून ठेवली.

"गाभुळ्याऽऽ, अरे गाभुळ्या, ये ना लवकर. अंधार पडला. शू करून ये, मला रात्री उठवायचं नाही."

मग रोज संध्याकाळी ती फक्त बूच काढायची. हाक ओढ्यापलीकडे जायची. धाकटा यायचा.

पुढे जांभळी मेली.

कशाने मेली ते गोष्टीत सांगायचं असतं. मी सांगणार नाही. मेली.

आता थोरलीच राहिली नाही तर धाकट्याला धाकटा कुणापेक्षा म्हणायचं, असा प्रश्न होता. पण जंगलात कुणाला तो पडला नाही.

धाकटा भोपळ्याचं बूच काढायचा. हाक यायची. तो आवळीभोवती एक फेरी मारून यायचा आणि पुन्हा बूच काढायचा. सकाळी, दुपारी, केव्हाही. चरायला जाईना. ओढ्यावर पाणी प्यायला गेला तर अर्ध्या वाटेतून पळत परत यायचा, बूच काढायचा. अंगाची नुसती काडी झाली. एका दुपारी हाक संपली आणि त्याला एकदम राग आला. हिला सगळं बोलता येतं, मग येत का नाही? त्याने भोपळा तोंडात धरला, धावत डोंगर चढला आणि तो साळिंदरबाईंच्या पुढ्यात टाकला.

"घ्या हा. मला नको."

"आभारी आहोत," बाई म्हणाल्या. "कुणाचा आवाज?"

"बहिणीचा. आत ती मला कशी हाक मारते ते आहे. माझं नाव कुणाला कळता कामा नये. कुणाला म्हणजे कुणाला."

"पाटी वाचलीस ना?"

"मला वाचता येत नाही."

"मग मी सांगते. इथे दात्याचं नाव प्राण गेला तरी बाहेर पडत नाही."

"आणि नीट ठेवा. आपटू नका."

"बाळा," बाई म्हणाल्या, "आमचं कामच ते आहे."

धाकटा घरी गेला. त्या दिवशी तो ओढ्यावर पोटभर पाणी प्यायला आणि झोपला.

सकाळी साळुंकी सावरीवर बसली. पिसं नीट केली. घसा साफ केला.

"नवीन दाखल! भोपळा एक. आवाज भेकर जातीच्या मादीचा. वय कोवळं. मुक्काम ओढ्याकाठची वाकडी आवळी. यंदाच वारली. ती धाकट्या भावाला घरी बोलावते आहे. भावाला ती गाभुळ्या म्हणते. भाऊ अंधाराला भितो. झोपण्याआधी शू केली नाही तर रात्री बहिणीला उठवतो. भोपळा उत्तम स्थितीत. सर्वांना ऐकण्यास खुला. दात्याचं नाव..."

साळुंकी थांबली. तिने मान झुकवली.

"गुप्त."

दुपारपर्यंत अर्धं जंगल आवाजघरात जाऊन भोपळा ऐकून आलं. राहिलेल्या अर्ध्याला हुप्प्या वानराने नक्कल करून दाखवली. हा हुप्प्या आवळीसमोरच्या अर्जुनावर राहायचा. वाईट नव्हता. नुसता रिकामा होता.

धाकटा ओढ्यावर आला तसा वरून आवाज आला, "काय गाभुळराव! शू झाली का?"

धाकटा दचकला. मग खाली मान घालून जो सुटला तो अर्जुनाच्या खोडाला धडकला. त्याची शिंगं ती केवढी, करंगळीएवढी. झाडाला काही झालं नाही.

"आई गं," हुप्प्या म्हणाला. "लागलं का? बहिणीला बोलावू?"

मुलांनो, हसू नका. किंवा हसा. तिथेही सगळे हसलेच.

धाकटा तसाच आवाजघराकडे गेला. दारातच त्याने एका भोपळ्याला लाथ मारली. बूच निघालं आणि कुणाचे तरी आजोबा खोकायला लागले. आतली मंडळी आदराने उभी राहिली.

"तुम्ही म्हणालात नाव बाहेर पडणार नाही!" धाकटा ओरडला.

"पडलं का?" साळिंदरबाईंनी शांतपणे विचारलं. "साळुंकी, तू दात्याचं नाव घेतलंस?"

"छे हो बाई. मान झुकवली फक्त."

"अहो पण ओढ्याकाठच्या वाकड्या आवळीखाली राहतं कोण?"

"कोण कुठे राहतं ही खाजगी बाब आहे. त्यावर आम्ही बोलू शकत नाही."

"मी राहतो! मी एकटा राहतो तिथे!"

"बघ," बाई म्हणाल्या. "हे तू सांगितलंस. आम्ही नाही."

धाकटा नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. त्याने दुसऱ्या भोपळ्याला लाथ मारली. हा रिकामा निघाला. 'शांततेचा उत्तम नमुना' म्हणून तो कुणीतरी दिलेला होता.

पण तक्रार गवासाहेबांपर्यंत गेली. बैठक भरली. बैठकीत गवासाहेब म्हणाले, "एका बाजूला दात्याची लाज आहे. दुसऱ्या बाजूला जनतेचा हक्क आहे. आपण समतोल साधायला हवा."

हा शब्द सगळ्यांना इतका आवडला की कसा साधायचा हे विचारायचं राहूनच गेलं. ते साळिंदरबाईंनी ठरवलं. त्यांना राहून राहून वाटत होतं की त्या पोराच्या बाबतीत आपलं चुकलं. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर गोष्ट लवकर संपली असती.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, सूचीतून ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं. दुसरी, भोपळ्यांच्या आतून ओळख पटेल असं सगळं काढायला वाळवी ठेवली.

बाकी कुठल्याही संग्रहातून वाळवीला हाकलून लावतात. इथे ती कामाला होती. आवाज भोपळ्याच्या आतल्या सालीला चिकटलेला असतो हे मी सांगितलंच. वाळवी आत शिरायची आणि नेमका तेवढा शब्द खाऊन बाहेर यायची. आजूबाजूला ओरखडा नाही. फार नाजूक काम. बघणारे तोंडात बोट घालायचे.

दुसऱ्या सकाळपासून साळुंकीची सूची बदलली.

"भोपळा एक. आवाज एक. एका प्राण्याचा. दुसऱ्या प्राण्याला उद्देशून. स्थिती उत्तम. भोपळा एक. आवाज एक. एका प्राण्याचा. दुसऱ्या प्राण्याला उद्देशून. स्थिती उत्तम."

असं दुपारपर्यंत. साळुंकीलाही मध्ये डुलकी लागायची. जागी झाली की ती कुठूनही सुरू करायची, काही फरक पडायचा नाही.

लोकांना आवाजघर खुलं होतंच. कुणीही जावं, हाताला येईल तो भोपळा ऐकावा. एक म्हातारी कोल्ही आपल्या नवऱ्याची कोल्हेकुई ऐकायला आली. तिला एका बेडकाचा भोपळा मिळाला. तिने तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. जाताना म्हणाली, "आवाज जरा बसल्यासारखा वाटला. पण हेच ते."

इकडे पावसाळा संपला. गवत वाळलं. हुप्प्या रोज चिडवायचा, धाकटा रोज झाडाला धडकायचा. दोघांचाही त्यात वेळ जायचा. आणि एका संध्याकाळी धाकटा ओढ्यापलीकडे उभा होता. सूर्य खाली गेला. तो थांबला. अंधार पडला. तो थांबलेलाच. पायच उचलेनात. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण हाकेची वाट बघतो आहोत.

आणि मग त्याहून वाईट एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. ती 'गाभुळ्या' कसं म्हणायची, ते त्याला नीट आठवेना. 'भु' लांब होता की 'ळ्या'? तो मनात म्हणून बघायचा आणि कानात हुप्प्याचा आवाज यायचा.

तो सकाळी आवाजघराच्या दारात उभा राहिला.

"मला माझ्या बहिणीचा भोपळा ऐकायचाय."

"ऐक की," साळिंदरबाई म्हणाल्या. "सगळ्यांना खुलं आहे. तो काय ढीग."

"त्यातला माझा कोणता?"

"ते सांगायचं तर तू दाता आहेस हे मला मान्य करावं लागेल. आणि दाता कोण, हे आम्हाला माहीत नाही. तुझ्या तक्रारीनंतर आम्ही ते विसरायचं असं ठरवलं."

"अहो बाई, मीच दिला! तुमच्या पायाशी टाकला!"

"असं बरेचजण म्हणतात."

"कोण बरेचजण?"

तेवढ्यात रांगेत मागे उभं असलेलं अस्वल म्हणालं, "मी. मीच गाभुळ्या."

"तू अस्वल आहेस!" धाकटा ओरडला.

"बहिणीने कधी तसं जाणवू दिलं नाही," अस्वल म्हणालं आणि डोळे पुसले. त्याचं सगळं लक्ष बुचांकडे होतं. मेणाला मधाचा वास येतो.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "या आठवड्यात हा तिसरा गाभुळ्या."

"मी सिद्ध करतो. ती म्हणते, अंधार पडला."

"सगळ्यांना माहीत आहे."

"शू करून ये म्हणते."

"ते तर खारीच्या पिल्लांनाही पाठ आहे. साळुंकीने जाहीर केलं होतं."

"मग आता मी काय सांगू?"

"जे जाहीर झालं नाही ते सांग."

धाकट्याकडे जे काही होतं ते सगळं जाहीर झालं होतं. पहिल्यांदाच त्याने कशाला लाथ मारली नाही. मग हळू आवाजात म्हणाला,

"तिने भोपळ्यात हाक मारली तेव्हा मी झुडपाच्या मागेच होतो. मला वाटलं खरंच बोलावते आहे. मी 'आलो' म्हणालो. तिने बूच लावायच्या आत म्हणालो. म्हणून तिने मला मारलं. म्हणाली, माझी हाक खराब केलीस. पण मग हसली. ते 'आलो' आत आहे. अगदी शेवटी आहे."

साळिंदरबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. त्यांचे सगळे काटे खाली झुकले होते.

"आहे," त्या म्हणाल्या. "ते बिनमहत्त्वाचं म्हणून सूचीत घेतलं नव्हतं."

"मग द्या ना."

बाईंनी आत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात मागून गवासाहेब आले आणि बाईंचं तोंड मिटलं.

"दाता सापडला?" गवासाहेब गरजले. "वा! वा! वा!"

गेले काही महिने आवाजघरात ऐकायला म्हणून कुणी फिरकत नव्हतं. एक प्राणी दुसऱ्या प्राण्याला उद्देशून काय बोलला हे ऐकायला कोण येणार? म्हातारी कोल्ही तेवढी यायची, बेडकासाठी. गवासाहेबांना गर्दी हवी होती.

"आपण याचा सत्कार करू," ते म्हणाले. "अनामिक दात्याचा जाहीर सत्कार. सगळ्या जंगलासमोर."

"मला सत्कार नको. भोपळा ऐकवा."

"सत्कारात ऐकवू! सगळ्यांनाच ऐकवू. तुझी इच्छा पण पूर्ण, जनतेचा हक्क पण पूर्ण. समतोल!"

"पण सगळे मला ओळखतील."

"छे! तुझं तोंड झाकू. आम्ही शब्दाचे पक्के आहोत."

धाकट्याने विचार केला. म्हणजे फारसा नाही केला. तो विचार करणाऱ्यातला नव्हता. तिचा आवाज ऐकायला मिळणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. "बरं," तो म्हणाला. "पण लवकर करा."

सत्काराला सगळं जंगल लोटलं. उंच दगडावर गवासाहेब. शेजारी धाकटा. त्याच्या तोंडावर पळसाचं पान बांधलेलं. पानाच्या वर करंगळीएवढी शिंगं, पानाच्या खाली भेकराचे चार पाय, आणि मागे भेकराचं शेपूट. गळ्यात झेंडूची माळ.

"आज आपल्यात," गवासाहेब म्हणाले, "एक असा दाता आहे ज्याला कुणीही ओळखत नाही."

"गाभुळ्या, पान सरळ कर रे!" मागून हुप्प्या ओरडला. "श्वास घेता येतोय ना?"

गवासाहेब बराच वेळ बोलले. त्यांच्या आजोबांचं हंबरणं कसं होतं ते त्यांनी स्वतः हंबरून दाखवलं. पानाआड धाकटा डोळे मिटून उभा होता. त्याला हे काहीच ऐकू येत नव्हतं. तो फक्त पहिल्या शब्दाची तयारी करत होता. 'भु' लांब की 'ळ्या', हे आता एकदा कळलं की तो कधी विसरणार नव्हता.

साळिंदरबाईंनी भोपळा आणला. त्यांनी बूच काढलं.

भोपळ्यात काही वाजलं नाही. आणि मग तिचा आवाज आला.

"...अरे..."

पुढे पोकळी होती. वाळवीने काम फार सुबक केलं होतं. जिथे नाव होतं तिथे गुळगुळीत, स्वच्छ, काही नाही.

पण गर्दीने सूची ऐकलेली होती. गाळलेली जागा कशाने भरायची ते प्रत्येकाला पाठ होतं. सगळं जंगल एका सुरात ओरडलं,

"गाभुळ्या!"

"...ये ना लवकर. अंधार पडला..." जांभळी म्हणाली. आणि पुन्हा पोकळी.

"शू करून ये!" जंगल म्हणालं. पिल्लांना तर फारच मजा आली.

"...मला रात्री उठवायचं नाही."

आणि अगदी शेवटी, भोपळ्याच्या तळातून, एक बारीक आनंदी आवाज आला, "आलो!"

टाळ्या पडल्या. हत्तींनी सोंडा वर केल्या. आवाजघराच्या इतिहासात जनतेने इतका सहभाग कधी घेतला नव्हता.

धाकट्याने पान फाडून काढलं.

"नाव कुठे आहे?"

गवासाहेब हसत राहिले. गर्दीकडे बघून हसताना त्यांना बाजूला बघता येत नसे. साळिंदरबाई पुढे झाल्या.

"काढलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या तक्रारीनंतर. त्याने तुझी ओळख पटत होती."

"कुठे ठेवलंत?"

"ठेवलं नाही. वाळवीने खाल्लं."

"मग तिला विचारा. ती कसं म्हणत होती? लांब काय होतं? तिला माहीत असेल. तिने खाल्लंय ना!"

"माहीत असेल," बाई म्हणाल्या. "पण तिला सांगायला मनाई आहे. गोपनीयता."

धाकट्याने कुणालाही धडक दिली नाही. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "गाभुळ्या, खाली बस रे, पुढचं दिसत नाही!" तेव्हा तो दगडावरून उतरला आणि घरी गेला. माळ गळ्यात तशीच होती. ती त्याने वाटेत खाल्ली.

त्या दिवसाचा गोंधळ साळिंदरबाईंच्या मनाला लागला. जंगल त्या पोराला जाहीरपणे टोपणनावाने हाका मारतं, आणि आपण नुसतं बघतो? त्यांनी गवासाहेबांकडे धरणं धरलं. शेवटी नियम झाला. साळुंकीने तो सगळ्या जंगलात फिरून सांगितला. अनामिक दात्याचं टोपणनाव जो कुणी घेईल, त्याला उन्हाळ्यात पाणवठा बंद.

पाणवठ्याचं नाव निघाल्यावर जंगलातली थट्टा एका दिवसात थांबली. आता सगळे त्याला 'भेकरराव' म्हणू लागले. खारीची पिल्लं त्याला बघून नमस्कार करायची.

आवाजघराला अखेर समतोल साधला होता. नाव खरोखरच गुप्त झालं.

थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी धाकटा अर्जुनाखाली आला. हुप्प्या फांदीवर शेपूट सोडून बसला होता. त्याला बघून तो सावरून बसला.

"या भेकरराव."

"हुप्प्या, मला चिडव ना."

"छे हो. काहीतरीच काय."

"एकदाच. कुणी ऐकत नाही."

"नको बाबा. नियम आहे. आणि मला आता वाईट वाटतं रे. तेव्हा कळत नव्हतं मला."

"चिडव म्हणतोय ना!" धाकट्याने खोडाला धडक दिली. अर्जुनाची दोन पिकली पानं खाली आली. "तुझ्याऐवजी पाणवठा मी सोडतो. तू नुसतं म्हण. तिच्यासारखं नको म्हणूस. तुझ्यासारखंच म्हण. वाकडं तोंड करून म्हण. पण म्हण."

हुप्प्याने चारी बाजूंना पाहिलं. खाली पाहिलं. तोंड उघडलं. त्याला भेकराचे डोळे दिसले आणि तोंड मिटलं.

"नाही येत रे आता," तो म्हणाला. "तू घरी जा. अंधार पडला."

धाकटा, बरं, म्हणाला आणि गेला.

तात्पर्य : आपल्या माणसाची आठवण घरात ठेवू नये. ती घरात फार बोलते, आपल्याला जगू देत नाही, आणि उंदीर लागायची भीती असतेच. ती संग्रहालयाला द्यावी. तिथे ती सर्वांपासून सुरक्षित राहते, आणि सर्वांत आधी आपल्यापासून. देताना 'माझं नाव कुणाला कळू देऊ नका' असं नक्की बजावून सांगावं. ती मंडळी शब्दाची पक्की असतात.